जुन्या मोटारीची जाहिरात : खरी कोणती, खोटी कोणती?

चार वर्षे वापरलेली, एकाच मालकाच्या हातची पांढरी बोलेरो. छायाचित्रात गाडी चकचकीत, पाटीवर 'एमएच ३४', आणि किंमत मात्र बाजारभावाच्या निम्म्याहूनही कमी. खाली दोनच ओळी : 'जवानाची बदली झाली आहे. गाडी तातडीने विकणे आहे.' चंद्रपूर किंवा गडचिरोलीतील वाचकाला या दोन ओळींत वावगे काही वाटत नाही. जवान येथे रोज दिसतात, त्यांच्या बदल्याही होतात. वाचक दिलेल्या क्रमांकावर संदेश पाठवतो आणि भामट्याचे निम्मे काम तेथेच फत्ते होते.

जुन्या वाहनांचा बाजार आता महाजालावर भरतो. ओएलएक्स हे संकेतस्थळ २००६ मध्ये आणि क्विकर २००८ मध्ये सुरू झाले. पुढे समाजमाध्यमांवरील खरेदी-विक्रीचे गट आणि फेसबुकचे मार्केटप्लेस यांची त्यात भर पडली. पूर्वी वृत्तपत्रात छोटी जाहिरात द्यायची तर माणसाला कार्यालयात यावे लागे, नाव-पत्ता लिहून द्यावा लागे, पावती फाडली जाई. आज एक भ्रमणध्वनी क्रमांक आणि चार छायाचित्रे एवढ्या भांडवलावर कोणीही, कोठूनही, कोणाच्याही गाडीची जाहिरात देऊ शकतो. या सोयीचा लाभ हजारो प्रामाणिक विक्रेत्यांना झाला, तसा तो टोळ्यांनाही झाला.

जंगलपट्ट्यात हे आमिष का चालते?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. नक्षलवादाच्या बंदोबस्तासाठी तेथे केंद्रीय राखीव पोलीस दल व राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या वर्षानुवर्षे तैनात राहिल्या. गडचिरोली पोलिसांचे सी-६० पथक १९९० मध्ये उभे राहिले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीची आयुध निर्माणी, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र, गडचांदूर परिसरातील सिमेंटचे कारखाने आणि बल्लारपूरची कागद गिरणी आहे. परप्रांतातून नोकरीसाठी येणारी आणि बदलीचा आदेश निघताच बिऱ्हाड आवरणारी कुटुंबे येथे नवलाची नाहीत. जाताना गाडी विकून जाण्याची रीतही जुनी आहे. भामट्याची कथा या ओळखीच्या वास्तवावर बेतलेली असते, म्हणून ती पटते.

दुसरे कारण अंतराचे. भामरागड हे जिल्ह्याच्या मुख्यालयापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, तर सिरोंचा दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. दीर्घकाळ वडसा-देसाईगंज हेच जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक होते. गाडी पाहायला नागपूरला जायचे म्हणजे दिवस मोडतो आणि भाड्याचे पैसे जातात. 'गाडी घरपोच येईल, आवडली नाही तर पैसे परत' हे आश्वासन अशा ठिकाणी अधिक गोड लागते.

आणि येथे वाहन म्हणजे केवळ हौस नव्हे. एखाद्या जुन्या बोलेरोवर प्रवासी वाहतूक करून घर चालते. रात्री-अपरात्री रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी गावातली तीच एक गाडी कामी येते. धानाचे चुकारे किंवा तेंदूपत्त्याचे पैसे हाती आल्यावर, थोडे उसनवारीने जोडून, गाडीचा बेत आखला जातो. अशा कुटुंबाचे लाखभर रुपये बुडाले तर गाडी हुकतेच, पण पुढच्या हंगामाचे बी-भरणही अडते.

फसवणुकीच्या चार तऱ्हा

पहिली तऱ्हा बदली झालेल्या जवानाची. विक्रेता स्वतःला लष्कर, केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा औद्योगिक सुरक्षा दलातील कर्मचारी म्हणवतो. न मागताच ओळखपत्र, कँटीन कार्ड, आधार कार्ड आणि गणवेशातील छायाचित्र पाठवतो. ही कागदपत्रे बहुधा खऱ्याच कोणा जवानाची असतात. कधी काळी दुसऱ्या व्यवहाराच्या निमित्ताने त्याच्याकडून मिळवलेली किंवा चोरलेली. 'गाडी छावणीत उभी आहे, बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नाही,' असे सांगून गाडी पाहण्याची वाट बंद केली जाते. मग 'लष्करी वाहतुकीने' गाडी पाठवण्यासाठी दोन-पाच हजार रुपये मागितले जातात. ते दिले की गेटपास, विमा, अनामत, जीएसटी अशी एकेक नवी मागणी येते. प्रत्येक रक्कम 'परत मिळणारी' असते आणि आधी गेलेले पैसे वाचवण्यासाठीच खरेदीदार पुढचे पैसे भरत राहतो. गाडी येत नाही, कारण ती विक्रेत्याच्या ताब्यात कधी नव्हतीच. वास्तविक खासगी वाहनाची विक्री ही जवानाची वैयक्तिक बाब असते. कोणतेही दल ते वाहन खरेदीदाराच्या दारी पोहोचवून त्याचे शुल्क गोळा करीत नाही.

दुसरी तऱ्हा मधल्या भामट्याची, आणि ती अधिक कावेबाज आहे. समजा, गडचिरोलीतील एका मालकाने आपल्या गाडीची चार लाख रुपयांची खरी जाहिरात दिली. भामटा तीच छायाचित्रे उचलून अडीच लाखांची दुसरी जाहिरात टाकतो. चंद्रपूरच्या खरेदीदाराचा संदेश आला की तो त्याला सांगतो, 'गाडी माझ्या भावाकडे आहे, पाहून घ्या. पण त्याच्याशी किमतीचे बोलू नका.' इकडे मालकाला दूरध्वनी करून म्हणतो, 'माझा मेहुणा गाडी पाहायला येतो आहे. पैसे मी देणार आहे, त्याच्याजवळ किंमत काढू नका.' दोघे भेटतात. गाडी खरी, कागद खरे, मालकही खरा. खरेदीदाराची खात्री पटते आणि तो अडीच लाख रुपये भामट्याने दिलेल्या खात्यात भरून किल्ली मागतो. मालकाच्या हाती दमडीही आलेली नसते. मग दोन फसलेली माणसे एकमेकांना चोर ठरवत पोलीस ठाण्यात उभी राहतात. ज्याने दोघांना गंडवले, त्याचा चेहरा दोघांपैकी कोणीच पाहिलेला नसतो.

तिसऱ्या तऱ्हेत गाडी समोर असते, पण विकणाऱ्याची मालकी खोटी असते. चोरीच्या गाडीचा सांगाडा क्रमांक खोडून दुसरा कोरलेला असतो. भाड्याने घेतलेली गाडी बनावट कागदांवर परस्पर विकली जाते. कर्जाचे हप्ते थकलेले वाहन बँकेला न कळवता विकले जाते. वित्तसंस्थेने जप्त केलेल्या गाड्यांचा लिलाव असल्याचे भासवून 'नोंदणी शुल्क' उकळण्याचा प्रकारही याच कुळातला.

चौथ्या तऱ्हेत भामटा खरेदीदाराच्या वेशात येतो आणि सावज असतो विक्रेता. घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य होते. 'इसार पाठवतो' म्हणून क्यूआर कोड येतो आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले जाते. पिन टाकताच पैसे जमा होण्याऐवजी वळते होतात. यूपीआयचा नियम साधा आहे : पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, ती याच फसवणुकीला आळा घालण्यासाठी. क्यूआर कोडची युक्ती मात्र अद्याप वापरली जाते.

टोळ्या कोठल्या?

अशा गुन्ह्यांचे धागे वारंवार हरियाणा, राजस्थान व उत्तर प्रदेश यांच्या सीमेवरील मेवात पट्ट्याकडे जातात. एप्रिल २०२३ च्या अखेरीस हरियाणा पोलिसांच्या सुमारे ५ हजार जणांच्या फौजेने नूंह जिल्ह्यातील १४ गावांवर एकाच रात्री छापे घातले. त्यानंतरच्या तपासात देशभरातील सुमारे २८ हजार प्रकरणे आणि १०० कोटी रुपयांच्या घरातील फसवणूक उघडकीस आल्याचे पोलिसांनी सांगितले. मोटारी, दुचाकी व भ्रमणध्वनी संचांच्या खोट्या जाहिराती देऊन वाहतूक खर्चाच्या नावाखाली पैसे उकळणे ही तेथील एक ठरलेली पद्धत होती. याच पट्ट्यात स्वस्त वस्तूचे आमिष दाखवून माणसाला प्रत्यक्ष बोलावून घ्यायचे आणि लुटायचे, असाही धंदा चालतो. त्याला स्थानिक बोलीत 'टटलू' म्हणतात. म्हणूनच अनोळखी परगावी रोख रक्कम घेऊन गाडी पाहायला जाणे हाही उपाय नव्हे.

ही युक्ती भारतातच उपजली असेही नाही. रुमानियातील अलेक्झांड्रिया परिसरातील टोळीने अमेरिकेतील संकेतस्थळांवर अस्तित्वात नसलेल्या मोटारींच्या जाहिराती दिल्या होत्या. मोहिमेवर जाण्यापूर्वी गाडी विकू पाहणारा सैनिक हे सोंग त्यांच्याही पोतडीत होते. किमान ९०० अमेरिकन नागरिक त्यात फसले आणि त्या टोळीचा पैसा फिरवणाऱ्या एका बल्गेरियन व्यावसायिकाला जानेवारी २०२१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. गणवेशावरचा विश्वास जगात सर्वत्र सारखाच आहे आणि भामट्यांनी तो हेरला आहे.

जाहिरात वाचताना

पहिली खूण किमतीची. त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या दहा गाड्यांच्या किमती पाहिल्या की साधारण भाव कळतो. चार लाखांच्या गाडीला कोणी साडेतीन मागेल, दीड लाख मागणार नाही. खरोखर तातडी असलेला माणूस स्थानिक विक्रेत्याला गाडी देऊन दोन दिवसांत मोकळा होतो.

दुसरी खूण छायाचित्रांची. गाडी अहेरीत असल्याचे लिहिलेले, पण मागे दुकानाची पाटी गुरुमुखी किंवा तमिळमध्ये. पाऊस धो-धो कोसळत असताना छायाचित्रात कोरडी धूळ. एका चित्रात एक क्रमांक, दुसऱ्यात क्रमांक झाकलेला. गूगल लेन्ससारख्या साधनात छायाचित्र टाकून शोध घेतला की तेच चित्र आणखी कोणत्या शहरांच्या जाहिरातींत आहे, हे बऱ्याचदा उघड होते. शोधात काही सापडले नाही म्हणून चित्र अस्सल ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. अशा वेळी विक्रेत्याकडे नवे छायाचित्र मागावे : गाडीच्या बॉनेटवर आजचे वर्तमानपत्र आणि शेजारी कागदावर लिहिलेला एखादा शब्द. चित्रात फेरफार करणेही आता सोपे झाले आहे, म्हणून थेट चित्रसंवादावर गाडीभोवती फिरून इंजिन सुरू करून दाखवायला सांगणे अधिक बरे.

तिसरी खूण वागण्याची. विक्रेता फोन उचलत नाही, फक्त व्हॉट्सॲपवर लिहितो. गाडीविषयी विचारले की ओळखपत्र पाठवतो. टायर कधी बदलले, शेवटची सर्व्हिसिंग कोठे झाली, याचे उत्तर देत नाही. मात्र 'आणखी तिघे मागे लागले आहेत' हे पुन्हा पुन्हा सांगतो. भामरागडला नेमणूक असल्याचे सांगतो, पण तेथे यायचे कोणत्या रस्त्याने, असे विचारताच अडखळतो. खऱ्या विक्रेत्याला प्रश्नांचा राग येत नाही. त्यालाही खात्रीचा गिऱ्हाईकच हवा असतो.

बदलीच्या सबबीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिकेची नोंदणी सुरू केली. संरक्षण दलांतील व शासकीय सेवेतील कर्मचाऱ्यांना तिचा लाभ घेता येतो आणि परराज्यात गेल्यावर पुन्हा नोंदणी करावी लागत नाही. ज्यांच्याकडे ही नोंदणी नाही, त्यांनाही ना हरकत प्रमाणपत्र घेऊन वाहन सोबत नेता येतेच. बदली झाली म्हणून गाडी मातीमोल भावाने विकण्यावाचून गत्यंतर नाही, अशी स्थिती नसते.

कागदपत्रांची पडताळणी

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकला की वाहनाचा प्रकार, नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा आदी तपशील दिसतात. मालकाचे नाव काही अक्षरे झाकून दाखवले जाते. ही पडताळणी आवश्यक आहे. पण ती पुरेशी नाही. भामटे बहुधा खऱ्याच गाडीचा क्रमांक वापरतात, त्यामुळे सारे तपशील जुळतात. त्यातून 'अशी गाडी अस्तित्वात आहे' एवढेच सिद्ध होते. ती विकण्याचा अधिकार जाहिरातदाराला आहे, हे सिद्ध होत नाही.

तो अधिकार प्रत्यक्ष भेटीतच तपासता येतो. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, मालकाचे ओळखपत्र आणि समोरचा माणूस या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. प्रमाणपत्रावरील सांगाडा क्रमांक आणि गाडीवर कोरलेला क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. हा क्रमांक १७ अंक-अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ व क्यू ही अक्षरे कधीच नसतात. महिंद्राच्या गाडीचा क्रमांक 'एमए१', मारुतीचा 'एमए३', ह्युंदाईचा 'एमएएल', तर टाटाचा 'एमएटी' या अक्षरांनी सुरू होतो. कोरलेल्या जागी घासल्याच्या खुणा, ताजा रंग किंवा वेडीवाकडी अक्षरे आढळली तर व्यवहार तेथेच थांबवावा. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी कंपनीकडूनच बसवलेली असते. तीही जागेवर आहे ना, हे पाहावे.

चोरीच्या वाहनांची नोंद तपासण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस संकेतस्थळावर वाहनाबाबत ना हरकत मिळवण्याची सोय आहे. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हवा. थकीत ई-चलानही आधीच पाहून घ्यावे. तेलंगण किंवा छत्तीसगड पासिंगची गाडी सिरोंचा, कोरची, धानोरा या सीमावर्ती तालुक्यांत सहज विकायला येते. अशा गाडीसाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८ आणि महाराष्ट्रातील कराचा भरणा यांचा हिशेब आधी मांडावा. गाडी दलालाकडून घ्यायची असेल तर त्याच्याकडे परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र आहे काय, हे विचारावे. जुन्या नोंदणीकृत वाहनांच्या विक्रेत्यांसाठी ते १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले आहे.

व्यवहार झाल्यावर हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० भरावे लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. 'नाव नंतर बदलू' ही सवय विक्रेत्यालाही महागात पडते. नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे.

पैसे देताना

गाडी पाहिल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही, हा पहिला नियम. इसार, वाहतूक, गेटपास, कुरिअर अशी कोणतीही सबब त्याला अपवाद नाही. दुसरा नियम, पैसे नोंदणी प्रमाणपत्रावरील मालकाच्याच बँक खात्यात जावेत. 'भावाच्या', 'साहेबांच्या' किंवा 'युनिटच्या' खात्यात नव्हे. एनईएफटी व आरटीजीएस करताना खातेदाराचे नाव आधी दिसण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने एप्रिल २०२५ पासून झाली आहे. ते नाव वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये. तिसरा नियम मधल्या भामट्याला शह देणारा आहे : मालक व खरेदीदार यांनी समोरासमोर बसून किंमत मोठ्याने उच्चारावी आणि खाते क्रमांक मालकाच्या तोंडून घ्यावा. 'किमतीचे बोलू नका' असे जो सांगतो, तोच भामटा, एवढे ओळखले तरी ही तऱ्हा जागीच कोसळते. दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, हेही लक्षात असावे.

खोटी जाहिरात बंद पाडायची कशी?

संशय आल्यावर जाहिरात सोडून देणे सोपे असते. पण तीच जाहिरात संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणाला गाठते. म्हणून आधी पुरावा जपावा : जाहिरातीचा पत्ता, तारखेसह स्क्रीनशॉट, विक्रेत्याचे खाते, भ्रमणध्वनी क्रमांक, यूपीआय ओळख, बँक खाते, ध्वनिसंदेश. त्यानंतरच जाहिरातीवरील तक्रारीचे बटण दाबावे. हा क्रम उलटला तर जाहिरात नाहीशी होते आणि हाती काहीच उरत नाही. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार अशा मध्यस्थ कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा पत्ता प्रसिद्ध करावा लागतो. बटणाने काम झाले नाही तर त्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते.

एक जाहिरात हटवली तर भामटा दुसरी देतो. त्याचा क्रमांक आणि खाते बंद झाले तर मात्र त्याचा धंदा खरोखर अडतो. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून 'चक्षू' ही सुविधा आहे. पैसे गेलेले नसतानाही संशयास्पद दूरध्वनी व संदेशांची माहिती तेथे देता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर एखादा क्रमांक, यूपीआय ओळख किंवा खाते आधीच्या तक्रारींत आले आहे काय, हे तपासण्याची सोयही सप्टेंबर २०२४ पासून नागरिकांना खुली झाली आहे. व्यवहारापूर्वी दोन मिनिटे त्यासाठी द्यावीत. मात्र तेथे नोंद नाही म्हणजे माणूस सच्चा, असा अर्थ काढू नये.

ज्याच्या गाडीची छायाचित्रे चोरली गेली, तो मालकही येथे महत्त्वाचा दुवा ठरतो. पाटीवरील क्रमांकावरून ओळखीच्या कोणाची गाडी लक्षात आली तर त्याला कळवावे. मूळ मालकाच्या तक्रारीला अधिक वजन असते. भामट्याला धडा शिकवण्याच्या ईर्ष्येने खोटे सोंग घेऊन त्याच्याशी बोलत राहणे, आपली कागदपत्रे पाठवणे किंवा त्याने सांगितलेल्या जागी जाणे मात्र टाळावे.

पैसे गेल्यावर पहिला तास

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० हा क्रमांक फिरवावा. एप्रिल २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकाने सुरू झालेली ही मदतवाहिनी पुढे १९३० झाली. ३० ऑगस्ट २०१९ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा तपशील पैसे गेलेल्या बँकेकडे, तेथून ज्या खात्यात रक्कम पोहोचली त्या बँकेकडे, आणि ती पुढे सरकली असल्यास त्यापुढच्या बँकेकडे जातो. जेथे रक्कम सापडेल तेथे ती गोठवली जाते. टोळ्या पैसे काही मिनिटांत अनेक भाडोत्री खात्यांत विखुरतात आणि एटीएममधून काढतात. सिरोंच्याहून गडचिरोलीला जाऊन उद्या तक्रार देऊ, असे म्हणण्यात ही वेळ निघून जाते. दूरध्वनी मात्र गावातूनच करता येतो. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचे नाव एवढे तयार ठेवावे. आपल्या बँकेलाही लगेच कळवावे.

त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी तक्रार घेतली जाते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. गोठवलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशाने तक्रारदाराला परत मिळू शकते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण दिले. पण ग्राहकाने स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात सहसा बसत नाहीत. म्हणूनच गोठवणूक हाच परताव्याचा मुख्य मार्ग उरतो आणि त्यासाठी पहिला तास मोलाचा ठरतो.

कायद्याच्या दृष्टीने ही फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली येते आणि तीत सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड, तर दुसऱ्याची ओळख चोरल्यास ६६-क लागू होते. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. चार पैशांच्या लोभाने आपले बँक खाते किंवा सिमकार्ड दुसऱ्याला वापरायला देणाराही या चौकशीतून सुटत नाही. दूरच्या टोळीचा माग बहुतेकदा अशाच एखाद्या खातेदाराच्या दारी येऊन थांबतो.

विक्रेत्यानेही घ्यावयाची काळजी

गाडी विकायला काढणाऱ्याने छायाचित्रात पाटीवरील क्रमांक झाकावा, नोंदणी प्रमाणपत्राचे छायाचित्र जाहिरातीत देऊ नये आणि प्रत्येक चित्रावर गावाचे नाव व तारीख ठळकपणे लिहावी. असे चित्र चोरून दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत वापरणे अवघड जाते. ओळखपत्राची प्रत द्यावीच लागली तर 'केवळ अमुक गाडीच्या विक्रीसाठी' असे तिच्यावर आडवे लिहून स्वाक्षरी करावी. नोकरीनिमित्त गावोगाव फिरणाऱ्या जवानांनी तर हे विशेष पाळावे. कारण एकदा हातची गेलेली ओळखपत्राची प्रत शंभर जाहिरातींत फिरते आणि शंभर घरांत त्या जवानाचे नाव बदनाम होते.

दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते, हे जुने बोल महाजालावरील बाजारालाही लागू पडतात. गाडी दूर असेल तर जाण्याचा खर्च करावा, सोबत गावातला जाणता मेकॅनिक न्यावा, आणि परतताना हात रिकामे राहिले तरी हळहळू नये. पेट्रोलचे पाचशे-हजार रुपये गेले तरी लाखाची पुंजी जागेवर राहते आणि पुढची खरी जाहिरात येईल तेव्हा ती कामी येते.